विद्यार्थ्यांचे लेखन : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

महाविद्यालयातला विद्यार्थी तीन-चार वर्षांत किती लिहितो, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. प्रयोगशाळेचे जर्नल, ट्युटोरियलची उत्तरे, प्रकल्पाचा अहवाल, क्षेत्रभेटीची टिपणे, उत्तरपत्रिका आणि त्यांना जोडलेल्या पुरवण्या असे सगळे धरले तर शेकडो पाने सहज भरतात. त्यांतली बहुतेक पाने एकदाच वाचली जातात, तीही गुण देण्यासाठी. विषय समजण्याचे काम याच पानांवर चालते, असे मानून त्यांचा विचार करणारे एक अभ्यासक्षेत्र आहे. विद्यार्थी आपापल्या विषयात लिहायला कसा शिकतो, कुठे अडतो आणि त्या विषयाचा शिक्षक त्याला कोणता हात देऊ शकतो, हे त्याचे प्रश्न. वाचकांनी या क्षेत्रात मोकळ्या मनाने यावे, एवढीच या प्रस्तावनेची इच्छा आहे.

लिहायला शिकवणे हे मराठी किंवा इंग्रजी विभागाचे काम, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती किती अपुरी आहे हे पाहायला रसायनशास्त्राचे एक जर्नल पुरते. टायट्रेशनच्या प्रयोगात विद्यार्थी लिहितो, ‘द्रावणाचा रंग गुलाबी झाला.’ वाक्य शुद्ध आहे. भाषेच्या शिक्षकाला त्यात खोड काढता येणार नाही. पण फिनॉल्फ्थेलिन घातलेल्या आम्लात ब्युरेटमधून अल्क सोडताना अंत्यबिंदूला जी छटा येते ती अगदी फिकट असते आणि फ्लास्क हलवल्यावरही काही सेकंद टिकते. रंग गडद झाला तर थेंब जास्त पडले, असा त्याचा अर्थ. ‘गुलाबी म्हणजे किती? टिकला का?’ हे दोन प्रश्न रसायनशास्त्राचा शिक्षकच समासात लिहू शकतो. त्यांना उत्तर देताना विद्यार्थी वाक्य सुधारतो आणि त्याच क्षणी त्याला प्रयोगही कळतो. इतिहासात, वाणिज्यात, वनस्पतिशास्त्रात हेच घडते. प्रत्येक विषयाची पुरावा मांडण्याची रीत वेगळी आहे आणि ती त्या विषयाच्या जाणकाराकडूनच शिकावी लागते.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये, याला इतिहासाचा आधार आहे. १९२३ साली उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. माध्यम उर्दू होते. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले. भारतीय भाषेतून विज्ञानासह सारे विषय शिकवता यावेत म्हणून हैदराबादेत स्वतंत्र भाषांतर विभाग उभा राहिला होता. त्या धाडसाबद्दल आदरच वाटतो. तरीही मराठी घरातून आलेल्या मुलाला उत्तर लिहायचे होते ते उर्दूत. १९४८ नंतर माध्यम बदलले, इंग्रजी आली, मराठी आली. घरची बोली एक आणि उत्तरपत्रिकेची भाषा दुसरी, हा अनुभव मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला. आजही गोरमाटी, दखनी किंवा मराठवाडी बोली बोलत मोठे झालेले मूल पदवीच्या वर्गात येते, तेव्हा पुस्तकी मराठीसुद्धा त्याला नव्याने कमवावी लागते.

या इतिहासातले सर्वांत समृद्ध पान याच शहरातल्या नागसेनवनात लिहिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. ज्यांच्या घराण्यात आधी कोणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता अशी मुले तिथे आली. त्यांना वाचणारे, लिहिणारे शिक्षक भेटले. ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिणारे म. भि. चिटणीस, अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून परतलेले म. ना. वानखेडे आणि मराठी शिकवणारे गंगाधर पानतावणे ही त्यांतली ठळक नावे. १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. ‘अस्मितादर्श’ या नावाने पानतावणे यांनी ते पुढे दीर्घकाळ सांभाळले आणि कितीतरी नव्या हातांचे पहिले लेखन छापले. हा सारा वृत्तान्त आपण दलित साहित्याच्या इतिहासात वाचतो, आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो शिक्षणाच्या इतिहासातही वाचावा. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला लिहिते करण्यासाठी त्याचे लेखन कोणीतरी मनापासून वाचावे लागते, त्याला उत्तर द्यावे लागते आणि ते छापण्याजोगे आहे असा विश्वास द्यावा लागतो. हे शहर ते करून बसले आहे.

त्याच्याही मागे जायचे तर मुक्ता साळवे आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थिनीचा वर्गातला निबंध महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाचा दस्तऐवज ठरला. या क्षेत्रात येणाऱ्याने तो आधी वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जगात हा विचार शास्त्र म्हणून आकाराला आला तो प्रामुख्याने १९७० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने १९७० साली प्रवेशाची दारे सर्वांना खुली केली, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांच्यासमोर चुकांनी भरलेल्या निबंधांचा ढीग आला. त्यांनी सुमारे ४,००० निबंध तपासले आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की या चुकांना तर्क असतो. विद्यार्थी निष्काळजी नसतो. त्याने स्वतःपुरता एक नियम बनवलेला असतो आणि तो नियम सापडला की मदत करता येते. लंडनमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमधून गोळा केलेल्या सुमारे २,००० लेखांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. मुलांचे जवळजवळ निम्मे लेखन परीक्षक म्हणून बसलेल्या शिक्षकासाठीच असते, हे त्यातून दिसले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात हॅरिएट शेरिडन यांनी १९७४ साली निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांना लेखनाच्या प्रश्नावर एकत्र बसवले. आंबेडकरी चळवळीच्या विख्यात अभ्यासक एलिनॉर झेलियट त्याच महाविद्यालयात १९६९ पासून इतिहास शिकवत होत्या. नागसेनवन आणि कार्लटन यांच्यामध्ये हा एक जिवंत धागा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता तुम्ही प्रत्यक्ष वर्गाकडे वळा. बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याची कल्पना करा. त्याचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात. अर्थशास्त्राच्या पेपरात ‘कंत्राटी श्रम : टीप लिहा’ असा प्रश्न येतो आणि तो गाईडमधली व्याख्या उतरवतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायकोच्या जोडीला मिळून लागणारा ‘कोयता’ हा हिशेब, हंगामात ती उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढणारे ओझे, हे सगळे त्याला घरात बसून ठाऊक असते. पण ते ‘उत्तर’ आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिक्षकाने प्रश्न जरा बदलून पाहावा. ‘तुमच्या गावात उचल कशी ठरते ते लिहा आणि पुस्तकातली कर्जाची व्याख्या तिला किती लागू पडते ते तपासा.’ आता गाईड उपयोगाचे राहत नाही, मोबाइलवर आयते उत्तर मिळत नाही आणि विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी लागतात, घरचे ज्ञान आणि विषयाची संकल्पना. त्याची वाक्ये पहिल्या खर्ड्यात अडखळतील. अडखळू द्यावीत. ओळखीच्या गोष्टीला नवी संकल्पना लावू पाहणाऱ्याची वाक्ये मोडतातच, आणि पाठ केलेली व्याख्या मात्र सफाईदार उतरते. म्हणून मोडलेल्या वाक्याला आधी लाल शाई लावू नये. तिथे विद्यार्थी काय म्हणू पाहतो आहे ते विचारावे.

वर्गात शंभर मुले असतात, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, पेपर तपासण्याचे ओझे वेगळेच, ही अडचण खरी आहे आणि या क्षेत्राने ती गंभीरपणे घेतली आहे. प्रत्येक लिखाण तपासावेच लागते असे नाही. तासाच्या शेवटी पाच मिनिटे ‘आज काय कळले नाही’ एवढेच लिहून घेतले आणि त्यांतले दहा कागद वाचले, तरी पुढच्या तासाची दिशा मिळते. खर्डा शेजाऱ्याने वाचावा. वाचणाऱ्याने गुण देऊ नयेत, फक्त एक प्रश्न लिहावा. अहवाल शेवटच्या आठवड्यात एकदम मागण्याऐवजी आराखडा, एक पान, मग पूर्ण मजकूर असा टप्प्याटप्प्याने मागावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, त्यामुळे असे टप्पे पाडायला आता अभ्यासक्रमातच जागा आहे.

वाचकांनी या विषयाची सुरुवात सिद्धांतापासून करू नये, असे माझे मत आहे. आपल्या विषयाच्या तीन जुन्या उत्तरपत्रिका किंवा जर्नले घ्या, गुणांकडे पाहू नका आणि प्रत्येकात विद्यार्थी जिथे स्वतःहून विचार करू लागला आहे ते वाक्य शोधा. एकाही पानावर ते सापडले नाही तर आपणच विचारलेला प्रश्न पुन्हा वाचा. त्यानंतर शॉनेसी आणि ब्रिटन यांच्याकडे वळा, आणि ‘अस्मितादर्श’चे जुने अंक मिळाले तर तेही जवळ ठेवा. भाषेचे नसलेल्या शिक्षकांनी तर संकोच मुळीच करू नये. या क्षेत्राला सर्वांत जास्त गरज त्यांचीच आहे.