हायब्रिड सायकल घेताय? आधी फ्रेम बघा, गिअर नंतर

फोन घेताना आपण रॅम नीट बघतो, कारण कव्हर कधीही बदलता येतं, रॅम नाही. सायकलचंही तसंच. सीट, टायर, पेडल नंतर बदलता येतात. फ्रेम बदलायची म्हणजे जवळजवळ नवी सायकलच. तरी ऑनलाइन जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं '२१ गिअर' आणि 'ड्युअल डिस्क'. म्हणून मित्र विचारतात तेव्हा मी फ्रेमपासून सुरुवात करतो.

हायब्रिड म्हणजे काय?

रोड सायकलसारखी ७००सी मापाची मोठी चाकं आणि एमटीबीसारखं सरळ हँडल. टायर साधारण ३२ ते ४० मिलिमीटर रुंद. आठवडाभर ऑफिस-कॉलेज आणि रविवारी पुण्याहून खडकवासला, दोन्ही एकाच सायकलवर जमतं. दगडधोंड्यांवरून उड्या मारणं हे मात्र तिचं काम नाही.

फ्रेमचं माप

दोन कंपन्यांचा 'मीडियम' सारखा असेलच असं नाही. कंपनीच्या साइज चार्टमध्ये तुमची उंची शोधा, मग दुकानात जाऊन खात्री करा. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा. मध्ये २ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांवर ताण येतो, हँडल फार लांब पडलं तर मान आणि मनगटं दुखतात. मग सायकल पार्किंगमध्ये धूळ खाते आणि पैसे वाया जातात.

फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, तेही बघा. पावसाळ्यात आठवण येईल.

२१ गिअरचं गणित

पुढे २८, ३८, ४८ दात्यांच्या चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात, ही नेहमीची जोडी. आता ४८ ला २८ ने भागा: १.७१. ३८ ला २२ ने: १.७३. २८ ला १६ ने: १.७५. आकड्यात तीन गिअर, पायाला जवळपास एकच! त्यापेक्षा सगळ्यात हलका गिअर तपासा: पुढची सर्वांत लहान चकती भागिले मागची सर्वांत मोठी. उत्तर १ किंवा त्याहून कमी आलं, तर चढावर दम कमी लागेल.

सस्पेन्शन आणि ब्रेक

स्वस्त सस्पेन्शन वजन वाढवतं आणि उभं राहून पेडल मारताना थोडा जोर खातं. डांबरी रस्त्यावर ३५ मिलिमीटरचा टायर आणि योग्य हवा पुरते. हवेचा आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. डिस्क ब्रेक पावसात जास्त भरवशाचे. व्ही-ब्रेक हलके, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुरुस्त करतो.

बजेटमधून हेल्मेट, लाइट, कुलूप आणि पंपाचे पैसे आधीच बाजूला काढा. ऑनलाइन मागवलीत तर जोडणी मेकॅनिककडूनच करून घ्या. दुकानातून घेत असाल, तर दहा मिनिटं चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.