बाजीरावाच्या वाटेने दिल्ली

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला दोन कामे असतात. एक सरकारचे आणि दुसरे पाहुण्यांना दिल्ली दाखविण्याचे. पहिल्याला ठरावीक वेळ आहे, वरिष्ठ आहेत, रजेचे नियम आहेत. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही. आणि खरे सांगायचे तर परीक्षा या दुसऱ्या कामातच अधिक कडक होते.

गेल्या काही वर्षांत ही परीक्षा जास्तच अवघड झाली आहे. दिल्ली आता एक शहर उरलेले नाही. यमुनेच्या दोन्ही तीरांवर पसरत पसरत ती एकीकडे गुरुग्राम, दुसरीकडे नोएडा, फरिदाबाद आणि गाझियाबाद यांना जाऊन भिडली आहे. या अफाट वस्तीतून वाहने वाहतात म्हणण्यापेक्षा साचतात म्हणणेच अधिक योग्य ठरेल. माझे एक मामा फेब्रुवारीत साताऱ्याकडून आले. आयुष्यभर त्यांनी माध्यमिक शाळेत इतिहास शिकविला. वय पंचाहत्तरीच्या पुढे. एका जागी फार वेळ बसले की गुडघे धरतात. आल्या आल्या त्यांनी सांगितले, "मला कुतुबमिनार नको आणि बाजारही नको. आपली माणसे या गावात कुठे आली, कुठे लढली, कुठे राहिली, तेवढे दाखव. पुन्हा येणे माझ्याच्याने व्हायचे नाही."

मी त्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने मोटारीतून बाहेर काढले. दिवस लग्नसराईचा, वेळ संध्याकाळची. रिंग रोडवर एका चौकाच्या अलीकडे आम्ही जे थांबलो ते थांबलोच. पुढे एक वरात होती, मागे तीन रांगा. तीन तासांनी घरी परतलो तेव्हा मामांनी दिल्लीचे एवढेच पाहिले होते: एका मालमोटारीची मागची बाजू आणि तिच्यावर रंगविलेले मिरची-लिंबू. मी ओशाळून गप्प होतो. रात्री जेवताना मामाच म्हणाले, "अरे, राजरस्त्याने जायला तुला सांगितले कोणी? बाजीराव राजरस्त्याने आला असता तर मथुरेलाच अडकला असता!"

शिक्षकाच्या तोंडचे ते वाक्य मला रात्रभर पुरले. इतिहास हा माझाही एम. ए.चा विषय, पण बाजीरावाच्या दिल्लीस्वारीकडे या दृष्टीने मी कधी पाहिले नव्हते.

१७३७ च्या मार्चमध्ये घडले ते असे. मल्हारराव होळकर यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरले असता अयोध्येचा सुभेदार सादतखान याने त्यांना जलेसरजवळ मागे रेटले. एवढ्यावर सादतखानाने बादशहाला कळविले की मराठ्यांचा मोड झाला, ते चंबळेपार पळाले. बादशाही सरदारांच्या फौजा मथुरेच्या आसपास एकत्र येऊ लागल्या. वजीर कमरुद्दीनखान दुसऱ्या बाजूने निघाला होता. आग्रा-दिल्लीचा राजरस्ता, म्हणजे आजचा मथुरा रोड, तोफा, हत्ती, बुणगे आणि बाजार यांनी भरून गेला. बाजीरावाला या गर्दीशी झुंजायचे नव्हते. आपण जिवंत आहोत आणि दिल्लीच्या दारात उभे आहोत, एवढेच त्याला बादशहाला दाखवायचे होते. त्याने जड सामान मागे ठेवले, बादशाही फौजा बाजूला टाकल्या आणि जाट-मेवातींच्या मुलखातून लांबलांब मजला मारीत तो दिल्लीच्या दक्षिणेस कालिकेच्या देवळाजवळ प्रकट झाला. त्याला गाठण्यासाठी जमलेल्या फौजा मागे मथुरेकडेच राहिल्या होत्या.

रविवारी पहाटे आम्ही मोटार घरीच ठेवली. दिल्लीत मेट्रो रेल्वे २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली. पुढे तिचे जाळे वाढत गेले आणि त्यात जांभळ्या रंगाने ओळखली जाणारी एक मार्गिका आली. माझ्या मनात आले आणि मी नकाशा पसरला, तर काय आश्चर्य! कालकाजी मंदिर, जंगपुरा, केंद्रीय सचिवालय, लाल किल्ला, काश्मिरी दरवाजा, ही सगळी स्थानके एकाच मार्गिकेवर आहेत. बाजीराव जिथे उतरला तिथून तो जिथवर भिडला तिथवर आणि पुढे भाऊसाहेब व महादजी ज्या किल्ल्यात शिरले त्याच्या दारापर्यंत, एकाच गाडीने जाता येते. रविवारी सकाळी डब्यात बसायलाही जागा मिळते. मामा खिडकीशी बसले. त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

कालकाजीला उतरले की एका बाजूला बहाई पंथाचे कमळाच्या आकाराचे पांढरे मंदिर दिसते. ते १९८६ चे. आपले देऊळ जरा आडोशाला, फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांच्या गर्दीत आहे. आजच्या इमारतीचा सर्वांत जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनी बांधला असे मानतात. म्हणजे बाजीरावाने पाहिले ते देऊळ हे नव्हे. पण जागा तीच. चैत्राचे दिवस होते. देवीच्या जत्रेसाठी शहरातून माणसे आली होती आणि त्या जत्रेतच मराठी घोडेस्वार येऊन थडकले. जत्रेतून धूम ठोकलेल्या लोकांनीच बातमी शहरात नेली. बादशहाच्या हेरांआधी यात्रेकरूंनी राजधानीला जागे केले.

मामा देवळाच्या पायरीवर बसले आणि वर्गात सांगावे तसे सांगू लागले. शहर जाळावे, असे बाजीरावाच्या मनात आधी आले होते. हे त्याने स्वतःच चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात कळविले आहे. मग त्याने विचार फिरविला. दिल्ली मोठे स्थळ; बादशहाची अगदी बेअब्रू करून हाती काही लागणार नाही, उलट बोलण्याचालण्याचा धागा तुटेल, असा त्याचा हिशेब होता. त्याने जाळपोळ टाळली आणि बादशहाकडे पत्रे धाडली. मामा म्हणाले, "तीस वर्षे मी मुलांना बाजीरावाचा वेग शिकविला. हा थांबा शिकवायचा राहून गेला. परीक्षेत वेगावर प्रश्न येतो ना!"

मला या निर्णयाचे मोल आणखी एका गोष्टीत दिसते. तो राजरस्त्याने लढत लढत आला असता तर दिल्लीच्या वेशीवर पोहोचेपर्यंत त्याची फौज थकलेली, चिडलेली असती आणि मागे शत्रू लागलेला असता. अशा फौजेला शहर वाचविण्याची चैन परवडत नाही. आडवाटेने आल्यामुळे त्याच्यापाशी विचाराला एक दिवस शिल्लक होता.

पुढे जंगपुऱ्याला उतरलो. तिथून रिक्षाने थोडक्या वेळात निजामुद्दीनजवळचा जुना बारापुला गाठता येतो. जहांगीर बादशहाच्या काळात मेहरबान आगा नावाच्या दरबारी खोजाने बांधलेला हा पूल आग्रा रस्त्याचा होता. त्याला कमानी अकरा आणि स्तंभ बारा. आता याच नावाचा उड्डाणमार्गही आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी तो नाल्यावरून नेला. वरून मोटारी धावतात. खाली चारशे वर्षांचा पूल आपले ओझे उतरवून बसला आहे. मामांनी कमानी मोजल्या. अकराच भरल्या.

केंद्रीय सचिवालयाच्या स्थानकावर उतरून आम्ही रकाबगंजाकडे पायी निघालो. आठवड्याच्या दिवशी याच रस्त्याने मी कार्यालयात जातो आणि मनात लाल दिव्यांखेरीज दुसरा विचार नसतो. रविवारी सकाळी मात्र तिथे कडुनिंबाच्या पानांचा आवाज ऐकू येतो. रिकीब करणाऱ्या कारागिरांची वस्ती ती रकाबगंज, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आज ते नाव संसदभवनासमोरच्या गुरुद्वाऱ्याने राखले आहे. बाजीराव मागे सरकतो आहे असे समजून मीर हसन कोका आणि इतर सरदार शहरातून सात-आठ हजार फौजेनिशी बाहेर पडले. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आदींनी रकाबगंज-तालकटोऱ्याच्या परिसरात त्यांना गाठून मोडले. संध्याकाळी वजिराची फौज आली, थोडी चकमक झाली, आणि बाजीराव जसा आला तसाच अडून न राहता पश्चिमेच्या वाटेने निघून गेला. तालकटोऱ्याची बाग आजही आहे. मुले पळत होती, एक निवृत्त गृहस्थ बाकावर ऊन खात होते. मामांनी त्यांना नमस्कार केला आणि हिंदीतून लढाईची हकीकत सांगितली. त्यांनीही ती शेवटपर्यंत ऐकली, हे त्यांचे सौजन्य.

दुपारी लाल किल्ला. इथे मात्र मामांचा स्वर उतरला. दिवाण-इ-खासच्या छताकडे पाहत ते बराच वेळ उभे राहिले. दिसते ते रंगविलेले लाकडी छत पुढच्या काळातले. मूळचे रुप्याचे छत १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळविले. त्याचे नऊ लाखांच्या आसपास रुपये पाडून फौजेचा खर्च काही काळ भागविला. नादिरशहाने १७३९ मध्ये मयूरासन नेलेच होते. त्या मानाने हे काही नव्हे, असे आपण म्हणतो आणि मीही तसे म्हणालो. मामांना ते पटले नाही. "नादिर लुटायलाच आला होता. भाऊ राखायला आले होते," ते म्हणाले. भाऊंची अडचण खरी होती. लक्षावधीचा लवाजमा, यात्रेकरू आणि बाजारबुणगे सोबत, दक्षिणेतून पैसा येत नव्हता. पण नीट पाहिले तर ही अडचण राजरस्त्याने जड सामानासह निघालेल्याची आहे. तेवीस वर्षांपूर्वी चुलत्याने जे मागे टाकले, तेच पुतण्याने बरोबर घेतले होते. पानिपताचे सगळे अपयश या एका कारणाने उलगडते असे मी म्हणणार नाही. मात्र रुप्याच्या छताखाली उभे राहिल्यावर हे कारण विसरता येत नाही.

याच किल्ल्यात दुसरेही घडले आहे. ६ जानेवारी १७७२ रोजी शहाआलम बादशहा मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, तेव्हा त्याची सुटका महादजी शिंद्यांच्या फौजेनेच केली, आणि त्यानंतर १८०३ पर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल होता. हे सांगितल्यावर मामा थोडे सावरले.

किल्ल्यासमोरचा चांदणी चौक २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद आहे. तेथील गौरीशंकराचे देऊळ आपा गंगाधर या मराठी सरदाराने अठराव्या शतकात बांधल्याचे सांगतात. तिथे घंटा वाजवून आम्ही घरी परतलो. दिवसभरात एकाही चौकात खोळंबलो नव्हतो.

सोमवारी मी रजा काढली आणि सकाळी लवकर उत्तरेच्या टेकडीवर गेलो. इथे हिंदूराव रुग्णालय आहे. दिल्लीतला प्रत्येक रिक्षावाला हे नाव घेतो. हिंदूराव कोण हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. हे कागलच्या घाटग्यांपैकी, दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचा टेकडीवरचा बंगला त्यांनी घेतला. १८५७ मध्ये इंग्रजांनी याच वास्तूचा मोर्चा केला. शेजारी फिरोजशहाने मेरठेहून आणलेला अशोकस्तंभ आहे. स्फोटात त्याचे तुकडे झाले होते. १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. त्याच्या सांध्यांवरून मामांनी बोट फिरविले.

एक ठिकाण मामांना दाखविता आले नाही. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजाजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या लुई बुर्के या फ्रेंच सेनापतीचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानाच्या आवारात आहे. मेट्रोचे एक स्थानकही त्याच मैदानाच्या नावाचे आहे. पण त्या आवारात वाटसरूला सहज जाता येत नाही.

शेवटी आम्ही बुराडीला गेलो. इथे मेट्रोचा इलाज चालत नव्हता म्हणून भल्या पहाटेची वेळ धरली. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तरुण जनकोजी जखमी झाला. आज वस्ती दाट आहे, घरांवर घरे चढली आहेत. ती ओलांडून नदीकडे गेले की भाजीपाल्याची शेते लागतात. यमुनेने अडीचशे वर्षांत पात्र बदलले असल्याने घाट नेमका कुठे होता हे बोट ठेवून सांगता येत नाही. धुके होते. पालक खुडणाऱ्या एका शेतकऱ्याला मामांनी विचारले, "भाई, पहिले पानी कहाँ तक था?" त्याने विळ्याने शेतांच्या पलीकडे, मग अलीकडे, मग आम्ही उभे होतो तिथे खूण केली आणि पुन्हा खाली वाकला. मामांनी चपला काढल्या. थोडा वेळ ते तसेच ओल्या मातीत उभे राहिले. मी त्यांच्या गुडघ्यांची आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची साताऱ्याकडची गाडी निजामुद्दीनहून होती. मी मोटारीची किल्ली हातात घेतली, तशी त्यांनी ती माझ्याकडून काढून घेऊन खुंटीला लावली.