पीएच.डी.चा संशोधक : नोंदणीपासून मौखिकीपर्यंत

ज्या पदवीसाठी माणूस ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे खर्ची घालतो, तिला मराठीत 'विद्यावाचस्पती' असा भारदस्त शब्द आहे. विद्यापीठाच्या आवारात मात्र तो कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. तिथे सारे 'पीएच.डी.'च म्हणतात, मार्गदर्शकाला 'गाईड' म्हणतात आणि भेट झाली की परस्परांना एकच प्रश्न टाळत राहतात : 'प्रबंध कुठवर आला?' हा वर्ग संख्येने आता लहान राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५मध्ये देशात १.१७ लाख विद्यार्थी पीएच.डी.साठी नोंदलेले होते. २०२१-२२मध्ये ही संख्या २.१२ लाखांवर गेली. त्यात ९८,६३६ महिला होत्या. तरीही संशोधक म्हणजे नेमका कोण, याचे उत्तर व्यवस्थेपाशी नाही. शुल्क भरताना तो विद्यार्थी असतो आणि मस्टरवर सही करताना कर्मचारी; रजा, भविष्यनिर्वाह निधी यांचा विषय निघाला की तो पुन्हा विद्यार्थी होतो.

या जीवनाची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ठरते. २००९ आणि २०१६च्या नियमावलींनंतर ७ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी नियमावली आली व एम.फिल. ही पदवी बंद झाली. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत असून बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर महिला संशोधकाला आपली संशोधन-सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभाही आहे. कागदावर ही तरतूद उत्तम दिसते; मात्र नव्या गावात त्याच विषयाचा आणि जागा रिकामी असलेला गाईड भेटला, तरच तिचा उपयोग.

जागा रिकामी असणे, ही इथली पहिली अडचण. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. राज्यातील विद्यापीठांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली, त्याचा फटका प्रथम इथे बसतो. प्रवेशाची परीक्षाही बदलली. आयोगाने २०२४मध्ये 'नेट'चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय घेतला. केवळ प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांसाठी या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार ठेवला. त्यानंतरची पहिलीच परीक्षा १८ जून २०२४ रोजी झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द झाली! ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घेण्यात आली. दरम्यान विद्यार्थ्यांचे अडीच-तीन महिने गेले, त्याचा हिशेब कोणत्याच मुदतीत धरला जात नाही.

प्रवेशानंतर किमान बारा श्रेयांकांचा पूर्वअभ्यासक्रम, मग संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती अहवाल. पण खऱ्या अर्थाने संशोधकाचे दिवस ज्यावर अवलंबून असतात ती गोष्ट म्हणजे अधिछात्रवृत्ती. 'नेट'मधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळालेल्या संशोधकाला २०१४मध्ये २५ हजार, २०१९पासून ३१ हजार आणि १ जानेवारी २०२३पासून ३७ हजार रुपये दरमहा मिळू लागले. दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ टप्प्यात ४२ हजार. २०१८मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत निवडक संस्थांतील संशोधकाला ७० ते ८० हजार मिळतात. याउलट केंद्रीय विद्यापीठांतील 'नेट'विना संशोधकाची वृत्ती आठ हजार होती आणि २०१५मध्ये तीच बंद करण्याचा निर्णय आला, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले होते. प्रयोगशाळेतील शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एवढे अंतर असू शकते.

शिवाय मंजूर होणे आणि हातात पडणे यांतही अंतर आहे. आयोगाची वृत्ती कॅनरा बँकेच्या संगणकीय व्यवस्थेतून येते. त्यासाठी संस्थेने दर महिन्याला संशोधकाची हजेरी प्रमाणित करावी लागते. कारकून रजेवर असेल वा कुलसचिवांची सही राहिली असेल, तर तो महिना पुढे सरकतो. मग खानावळीची उधारी, मित्राकडून उसने, घरून मागवणे. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातून आलेल्या, घराण्यात प्रथमच विद्यापीठाची पायरी चढलेल्या मुलाला घरून मागवण्याचा मार्गही नसतो. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपवले. त्याची वृत्ती अनेक महिने थकली होती, ही गोष्ट त्यानंतरच देशाच्या कानावर गेली.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी पुण्याची 'बार्टी', मराठा समाजासाठी 'सारथी' आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची 'महाज्योती' या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. २०२३मध्ये राज्य सरकारने लाभार्थींच्या संख्येवर मर्यादा घातली. आझाद मैदानापासून नागपूरच्या विधान भवनापर्यंत संशोधकांची आंदोलने झाली. त्या डिसेंबरात विधान परिषदेत हा प्रश्न निघाला असता तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचे उद्गार काढले व नंतर त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. खरे तर हा प्रश्न सभागृहाच्या फार आधी गावच्या पारावर आणि लग्नाच्या बैठकीत विचारला जात होता. संशोधकांना तो झोंबला, याचे कारण तो नवा नव्हता.

वृत्ती संपली की अभ्यास थांबतो, हा अनुभव मराठी माणसाला शंभर वर्षे जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात व पुढे लंडनला शिकले. मुदत सरली म्हणून १९१७मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून जमवलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे साह्य यांच्या बळावर ते १९२०मध्ये पुन्हा गेले आणि १९२३मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर १९२७मध्ये हाती आली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची अडचण वेगळी होती. मुंबई विद्यापीठात चमकलेल्या या विद्यार्थिनीला १९३३मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीविक्षेवर प्रवेश मिळाला. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. घेतली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, हे आज चारशे पाने जुळवत बसलेल्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

गाईड आणि विद्यार्थी यांच्या नात्याबद्दल नियमावलीत फारसे काही सापडत नाही, आणि सारे त्यावरच तर उभे असते. भला गाईड विद्यार्थ्याला विषय देत नाही, प्रश्न विचारायला शिकवतो. दुसरा त्याच्याकडून पेपर तपासून घेतो, परिषदेच्या पाहुण्यांना स्थानकावरून आणवतो आणि प्रकरणाचा कच्चा खर्डा टेबलाच्या खणात तीन महिने ठेवतो. तक्रार करावी तर सही त्याचीच लागते. अशा वेळी आधार असतो तो संशोधकांच्या आपसातल्या बिरादरीचा. 'सीनियर' मंडळी नवख्याला कोणत्या सरांना सकाळी भेटावे, कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर अडतो, इथपासून संदर्भसूची कशी लावावी इथपर्यंत सारे शिकवतात. पुण्यातील जयकर ग्रंथालयाच्या बाहेरचा चहा असो की डेक्कन कॉलेजच्या झाडांखालचा कट्टा, कितीतरी प्रबंधांची प्रकरणे तिथे आधी बोलली जातात आणि मग लिहिली जातात. महाविद्यालयात शिकवून अर्धवेळ पीएच.डी. करणारे मात्र या बिरादरीला मुकतात.

शेवटचा टप्पा तुलनेने सरळ आहे. समितीपुढे पूर्वसादरीकरण, मग वाङ्मयचौर्याची तपासणी. २०१८च्या नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते, साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२मध्ये उठली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्या सक्तीवर चालत होता, त्यामुळे हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. प्रबंध गाईडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. मौखिकी सर्वांसाठी खुली असते आणि प्रबंध सादर केल्यापासून सारी प्रक्रिया सहा महिन्यांत उरकावी, असा दंडक आहे. पदवीनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'कडील 'शोधगंगा' या संग्रहात जाते, जिथे ती कुणालाही विनामूल्य वाचता येते.

नोकरीच्या बाबतीत जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली असून 'नेट' वा 'सेट' ही किमान अट आहे. त्यामुळे पदवी हाती असलेले कित्येक जण राज्यातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवले तितक्याच तासांच्या मानधनावर, शिकवत आहेत. मे महिन्यात तास नसतात.