टर्बोचं आजोळ

जानोरीच्या शिवारात उभं राहिलं की ओझरच्या धावपट्टीवरून उठणारं सुखोई आधी कानात शिरतं आणि मग दिसतं. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांना त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. माझा चुलतभाऊ तर मानही वर करत नाही, कारण त्याचं डोकं हल्ली एका जुन्या स्कॉर्पिओच्या बॉनेटखाली असतं. गाडी घरचीच, २.६ टर्बो. लग्नांचे वऱ्हाडी, सप्तशृंगगडाच्या खेपा, द्राक्षांचे कॅरेट असं सगळं तिने वाहिलं. आता तिला हौशी रॅलीत उतरवायचं त्याच्या मनात आहे. एक्झॉस्टला चिकटलेलं शंखाकृती ओतीव कवच त्याने मला दाखवलं आणि मी त्या वस्तूच्या कुळाचा शोध घेऊ लागलो. हाती लागलं ते असं: डोक्यावरून जाणारं जेट आणि बॉनेटखालचा हा टर्बो यांचं आजोळ एकच आहे. शिवाय आभाळातून हा भाचा सरळ मोटारीत आला नाही. वाटेत त्याने ट्रॅक्टरवर मुक्काम केला.

त्या वाटेला लागण्याआधी गाडीची जात: स्कॉर्पिओला वॅगन म्हणावं का, हा प्रश्न मी दोन वाक्यांत संपवतो. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि पेट्या आणणाऱ्या लाकडी बांध्याच्या गाडीपासून स्टेशन वॅगन निघाली, १९४६ मध्ये विलीज कंपनीने तिला पोलादी अंग दिलं, आणि याच विलीजच्या जीप जोडत महिंद्राने मोटारधंद्यात पाय ठेवला. पुण्याची टाटा इस्टेट (१९९२) ही आपल्याकडची अस्सल वॅगन खरी, पण ती लवकर दुर्मीळ झाली; घरच्या मोठ्या गाडीची जागा जून २००२ मध्ये आलेल्या, नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या स्कॉर्पिओने घेतली. २६०९ सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो, इंटरकूलर आणि १०९ अश्वशक्ती.

टर्बोचं काम सांगायला सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला असतो आणि जोरात असतो. एरवी तो सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत तो आधी एका पात्यांच्या चाकावर आदळतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त निघते. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नये. तेलाचा पुरवठा थांबतो, तापलेल्या दांड्याशी उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, आणि थोड्या दिवसांत मिस्त्री सांगतो की टर्बो गेला.

हा शोध कोणाचा, इथे खरं भांडण आहे. पुस्तकी उत्तर आल्फ्रेड ब्यूखी. स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरचा हा अभियंता. त्याने १९०५ मध्ये जर्मन पेटंटसाठी अर्ज केला आणि टर्बोची जन्मतारीख म्हणून तेच साल सगळीकडे छापलं जातं. पण त्या पेटंटातली रचना नीट पाहिली तर कॉम्प्रेसर, पिस्टनचं इंजिन आणि टर्बाइन हे तिघेही एकाच दांड्यावर बांधलेले दिसतात. आपल्या स्कॉर्पिओत तसं नाही. टर्बोचा दांडा क्रँकशाफ्टला कुठेही जोडलेला नसतो, तो फक्त धुरावर फिरतो. या सुट्या रचनेपर्यंत ब्यूखी पुढे आला, आणि मोठ्या डिझेल इंजिनांवर ती चालते हे त्याने १९२० च्या दशकात सिद्धही केलं. जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. म्हणून मी ब्यूखीला टर्बोचं वडिलांकडचं कूळ मानतो. जहाज, आगगाडी, वीजकेंद्र आणि १९३८ चा स्विस साउरर ट्रक ही सगळी त्याची वंशावळ.

आईकडचं कूळ विमानातलं, आणि तिथून दुसरा दावेदार येतो: फ्रान्सचा ऑग्युस्त रातो. पहिल्या महायुद्धात उंचावर गेलेल्या विमानाचं इंजिन विरळ हवेत धापा टाकायचं. रातोने त्यावर धुराने फिरणारा कॉम्प्रेसर बसवला. ही बातमी अमेरिकेत विल्यम ड्युरँड यांच्या कानावर गेली. ते तिथल्या राष्ट्रीय विमानशास्त्र समितीचे प्रमुख होते, आणि त्यांना आपला एक जुना विद्यार्थी आठवला. सॅनफर्ड मॉस. मॉसने कॉर्नेल विद्यापीठात गॅस टर्बाइनवर डॉक्टरेट केली होती, जनरल इलेक्ट्रिकमध्ये तसं यंत्र बनवायचा प्रयत्नही केला होता, पण ते इंधन फार खात असल्यामुळे १९०७ मध्ये काम गुंडाळलं गेलं. दहा वर्षांनी ड्युरँड यांनी त्याला त्याच विद्येकडे परत बोलावलं.

मॉसने रातोची नक्कल केली का? फ्रेंचांच्या बाजूने बोलणारे हो म्हणतात. मला ते पटत नाही. कल्पना रातोकडून आली, हे मान्य. पण धुरावर टर्बाइन फिरवण्याचं शिक्षण मॉसकडे रातोच्या विमानाआधी पंधरा वर्षं होतं. बी फ्रान्सचं असेल, जमीन मॉसची होती.

आणि ती चाचणी! सप्टेंबर १९१८ मध्ये मॉसने लिबर्टी नावाचं व्ही-१२ विमान इंजिन ट्रकवर बसवलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं. उंची १४ हजार फुटांहून जास्त. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन माथ्यावर २३० वर घसरलं. टर्बो जोडल्यावर ते ३५६ वर गेलं. आता माथ्यावर जाणारा हा रस्ता कोणता? स्पेन्सर पेनरोज नावाच्या धनिकाने पर्यटकांच्या मोटारी वर जाव्यात म्हणून तो बांधला, आणि त्याची जाहिरात व्हावी म्हणून १९१६ मध्ये त्याच रस्त्यावर चढाईची मोटार शर्यत सुरू केली. ती शर्यत आजही होते. म्हणजे मॉसच्या टर्बोने आपली ताकद पहिल्यांदा दाखवली तीच मुळी शर्यतीच्या घाटावर. विमान आणि मोटारशर्यत या दोघांचा हात टर्बोच्या पाळण्याला लागला आहे असं मी म्हणतो, ते या रस्त्याच्या जोरावर.

पुढे मॉसचे टर्बो बी-१७ बाँबफेकी विमानांत आणि पी-४७ लढाऊ विमानांत बसले. १९४१ मध्ये ब्रिटनने फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन अमेरिकेला दिलं, तेव्हा ते बनवायला कोणाकडे सोपवावं हा प्रश्न आला. विमान इंजिनांचे मोठे कारखाने बाजूला राहिले आणि काम मिळालं जनरल इलेक्ट्रिकला, कारण लाल तापलेल्या टर्बाइनची पाती प्रचंड वेगात फिरवण्याचा अनुभव त्यांच्याकडे टर्बोमुळे होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेचं पहिलं जेट विमान उडालं. जानोरीवरून जाणाऱ्या सुखोईचं इंजिन रशियन घराण्याचं आहे, ते मॉसचं सरळ वारस नव्हे. पण हवा दाबणं, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवणं आणि त्या टर्बाइनने पुन्हा हवा दाबणं हा गाभा दोन्हीकडे तोच. टर्बोत मधली भट्टी म्हणजे गाडीचं इंजिन, जेटमध्ये ती स्वतंत्र असते.

जेट आलं आणि पिस्टनच्या विमानांचे दिवस भरले. टर्बो बनवणाऱ्या हातांना नवं गिऱ्हाईक लागलं असणार, असा माझा तर्क आहे, आणि क्लिफ गॅरेटची गोष्ट त्याला बळ देते. गॅरेटच्या कंपनीने बी-१७ साठी दाबलेली, तापलेली हवा थंड करणारी उपकरणं बनवली होती. स्कॉर्पिओच्या बॉनेटखालचा इंटरकूलर त्याच जातीचा. १९५० च्या दशकाच्या मध्याला याच कंपनीचे टर्बो कॅटरपिलरच्या डी-९ या पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरवर चढले. रस्ते फोडणारं, माती ढकलणारं, दिवसभर धुळीत राबणारं यंत्र. विमानातला नाजूक, महागडा टर्बो इथे कामगाराच्या अंगाचा झाला.

यावर साउरर ट्रकचा आक्षेप येतो: टर्बो तर १९३८ पासून रस्त्यावर होता, मग ट्रॅक्टरचं एवढं कौतुक कशाला? माझं उत्तर असं की साउररने रस्ता दाखवला, पण मोटारींचं पीक गॅरेटच्या वाफ्यातून आलं. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरवर गॅरेटचा टर्बो होता, १९७७ च्या साब ९९ वर गॅरेटचा होता. साबने त्याला लहान केलं आणि जास्तीचा धूर सोडून देणारी झडप नीट बसवली, त्यामुळे तो रोजच्या वापरातल्या गाडीत कमी फेऱ्यांवरही जागा होऊ लागला. १९८० च्या दशकात व्होल्वोच्या लांब वॅगनमध्ये टर्बो बसला. पोर्शे, बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्या कथा सगळ्यांना पाठ आहेत, त्या मी सोडतो. आज गॅरेटचा एक कारखाना आपल्या पुण्याकडेच आहे.

शर्यतीत टर्बो आधी कोणी आणला, यावर मात्र मी अडून बसणार आहे. फॉर्म्युला वनचे चाहते रेनोचं १९७७ साल सांगतात. रॅलीवाले १९७९ च्या स्वीडिश रॅलीत स्टिग ब्लूमक्विस्टने साब टर्बोने मिळवलेला विजय पुढे करतात. या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये, एक गाडी पहिल्या जागेवरून सुटली. तिच्यात ६.६ लिटरचं टर्बो डिझेल होतं, मूळ ट्रकच्या घराण्यातलं, गाडी बुटकी व्हावी म्हणून कुशीवर झोपवलेलं. बनवणारी कंपनी कमिन्स, जिची पुढे पुण्यात कोथरूडला शाखा झाली. चालक फ्रेड अगाबाशियन. ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली. टर्बोकडे हवा नेणारं तोंड खाली होतं आणि ट्रॅकवरच्या टायरच्या रबराच्या कचऱ्याने ते बुजलं.

म्हणून ओझं वाहणारं टर्बो डिझेल शर्यतीत उतरवणं हा मला वेडेपणा वाटत नाही. नाशिककरांनी तर ते डोळ्यांनी पाहिलं आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाची रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकच्या कच्च्या रस्त्यांवर धावली आहे, आणि याच राष्ट्रीय मालिकेत गौरव गिलने महिंद्राची एक्सयूव्ही५०० पळवली, तीही देशी बनावटीची टर्बो डिझेल गाडी.

माझ्या भावाची उडी एवढी मोठी नाही. तो टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतर, या प्रकारात उतरणार आहे. त्यात ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. नियंत्रण ठाण्यावर उशिरा पोहोचलं तरी दंड, लवकर पोहोचलं तरी दंड. शेजारी बसणारा नकाशा, घड्याळ आणि हिशोब सांभाळतो, आणि ती जागा वहिनीने आधीच मागून घेतली आहे. अशा खेळात जुन्या स्कॉर्पिओचा सुस्तपणाही चालतो. अडचण येते ती वळणातून बाहेर पडताना: इंजिनाचे फेरे खाली पडले की टर्बो क्षणभर झोपतो, मग एकदम दणका देतो, आणि मुरमावर मागची चाकं सरकतात. त्यासाठी वळणाआधीच गिअर उतरवून फेरे दोन हजारांच्या वर धरायची सवय तो करतो आहे. कॉम्प्रेसरपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप त्याने बदलले, कारण जुना पाइप दाबाखाली फाटला की शिट्टी वाजते, काळा धूर निघतो आणि गाडी चढावर मान टाकते. टर्बोच्या दांड्याला बोटाने हलवून किती ढिलेपणा आहे ते पाहिलं. ऑइल आणि फिल्टर नवे घातले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एअर फिल्टरच्या डब्यावर गेला. एप्रिलमध्ये दिंडोरी-पेठच्या कच्च्या वाटांवर पुढच्या गाडीमागे फुफाटा उठतो, आणि फिल्टर चुकवून आत गेलेला मातीचा कण लाखभर फेरे घेणाऱ्या पात्याची कड खातो. कमिन्सची गाडी कशाने थांबली ते मी भावाला सांगितलं तेव्हा त्याने डब्याच्या झाकणाचं रबर काढून टाकलं, नवं बसवलं आणि हवा घेणारं तोंड बंपरच्या उंचीवरून उचलून काचेच्या कडेने टपाच्या उंचीवर नेलं.