निकोडेमस (कॅन्सस)

निकोडेमस ही अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ग्रॅहम काउंटीमधील एक छोटी ग्रामीण वस्ती आहे. तिला स्वतंत्र नगरशासन नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस वसवलेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या वसाहतींपैकी ही सर्वांत जुनी मानली जाते.

स्थापना

१८७७ साली डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हे गोरे जमीन-व्यावसायिक यांच्या पुढाकाराने 'निकोडेमस टाउन कंपनी' स्थापन झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंटकी राज्यातून सुमारे ३०० लोक येथे आले. पत्रकांत वर्णिलेल्या सुपीक भूमीऐवजी त्यांना वृक्षहीन माळरान दिसले. लाकडाअभावी त्यांनी जमिनीत खोदलेल्या घरांत आसरा घेतला. निराश झालेली अनेक कुटुंबे परत फिरली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासींनी दिलेल्या अन्नामुळे उरलेल्यांचा निभाव लागला.

नावाची व्युत्पत्ती

गावाच्या नावाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार हे नाव बायबलमधील निकोडेमसवरून आले. मराठी बायबलमध्ये या व्यक्तीचा उल्लेख 'निकदेम' असा आढळतो. दुसऱ्या मतानुसार ते हेन्री क्ले वर्क यांच्या १८६४ मधील 'वेक निकोडेमस' या गीतातील आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामावरून पडले. मुक्तीचा दिवस उजाडताच आपल्याला जागे करावे, अशी या गुलामाची अंतिम इच्छा असते. कंपनीच्या प्रचारपत्रकात याच गीतावर बेतलेले पद्य असल्याने दुसऱ्या मताला बळकटी मिळते. मुक्तीनंतर स्वतःची जमीन शोधणाऱ्यांना हे नाव अर्थपूर्ण वाटणे स्वाभाविक होते.

उत्कर्ष व ऱ्हास

१८८० च्या दशकात येथे दुकाने, उपाहारगृहे, चर्च, शाळा आणि वृत्तपत्रे होती. येथील रहिवासी एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. मात्र १८८८ मध्ये लोहमार्ग गावाला वगळून नदीपलीकडून गेला. व्यापारी तेथील बोग या नव्या गावी स्थलांतरित झाले. पुढे दुष्काळ व आर्थिक मंदीमुळे लोकसंख्या आणखी घटली. १९५३ मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले.

सद्यस्थिती

१९९६ मध्ये निकोडेमसला 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' घोषित करण्यात आले. जुने चर्च, शाळा, हॉटेल आणि ग्रामसभागृह यांसह पाच वास्तू त्यात समाविष्ट आहेत. गावात आता मोजकेच लोक राहतात. तथापि दरवर्षी उन्हाळ्यात मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी मूळ वसाहतकारांचे वंशज दूरदूरहून गावी परततात.