बोंडअळीचा प्रतिकार आणि पेशीतील प्रथिनवाहतूक

पेशीत घडलेले प्रथिन त्याच्या कामाच्या जागी पोहोचवणारी यंत्रणा म्हणजे प्रथिनवाहतूक. पृष्ठपटलावर बसणारी प्रथिने आंतर्द्रव्य जालिकेवर तयार होतात. त्यांची घडी नीट बसली, की जालिकेचे पटल ‘कॉप-२’ आवरणामुळे बाहेर वाकते, त्याची पुटिका सुटून गॉल्जी पिंडाला मिळते, आणि तिथून निघालेल्या पुटिका पेशीच्या पृष्ठभागात विलीन होतात. पुटिकांच्या या वाहतुकीच्या संशोधनाला २०१३ चे नोबेल मिळाले. यवतमाळ जिल्ह्याला या विषयाशी थेट देणेघेणे आहे. वणीपासून पुसदपर्यंतच्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळी बीटीला दाद का देत नाही, याचे उत्तर अळीच्या आतड्यातील पटलावर काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही यात आहे.

बीटी कपाशीत, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीत, तयार होणारे क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात सक्रिय होते, पेशींवरील कॅडहेरिन या ग्राहीला चिकटते, आणि मग पटलाला छिद्रे पडून पेशी फुटतात. म्हणजे विष लागू पडायला अळीच्या पेशीने स्वतःच ग्राही पृष्ठभागावर आणून ठेवावा लागतो. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड आली, आणि २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीचा क्राय१एसीला प्रतिकार जाहीर झाला. खंडवा व आणंद येथील प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिनच्या संदेशाची चुकीची जुळणी होऊन तुटकी रूपे तयार होत असल्याचे २०१४ च्या अभ्यासाने दाखवले. चीनमधील अळीवरचा २०१८ चा अभ्यास याहून बोलका आहे: तिथे ग्राहीच्या पटलात रुतणाऱ्या भागातच बिघाड होता आणि त्यामुळे त्याची पेशीतली वाहतूकच बिघडली होती. चीनमधला तोच बदल यवतमाळात आहे असा दावा करणे घाईचे ठरेल. पण तुटका ग्राही आणि अडकलेला ग्राही यांचा परिणाम एकच, विषाला धरायला जागा उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की क्राय२एबी कॅडहेरिनवर अवलंबून नाही. खरे आहे, त्याच्या प्रतिकाराशी एबीसीए२ या वेगळ्या वाहक प्रथिनातील बिघाड जोडला गेला आहे. पण हेही पटलावरचेच प्रथिन, त्यामुळे युक्तिवाद मोडत नाही, रुंदावतो. दुसरा आक्षेप शेतातून येतो: दोष फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचा, आणि नॉन-बीटी ओळी न लावण्याचा. तोही खराच, आणि वाहतुकीच्या अंगानेच तो नीट उमगतो. अळीत ग्राहीच्या जनुकाची एक प्रत जरी शाबूत असली, तरी पुरेसा ग्राही पृष्ठभागावर येतो आणि अळी मरते. म्हणून प्रतिकाराचा गुण आनुवंशिकदृष्ट्या मुख्यतः अप्रभावी (रिसेसिव्ह) राहतो. नॉन-बीटी ओळींतले पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी बीटीला बळी पडते. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबतच्या १२० ग्रॅम नॉन-बीटी सरकीचे प्रयोजन हेच होते. ती शेताच्या कडेने पेरली न जाता वाया गेली आणि फरदडीने अळीला महिनोन्‌महिने खाद्य पुरवले. त्यातच संकरित कपाशीच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी विषारी नसते, आणि ही अळी नेमकी सरकीच खाते.

बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे पाहता ही मर्यादा डोळ्याआड करणे फार महागात पडते. ज्या उपायांना अळीच्या ग्राहीची गरजच नाही, तेच म्हणून आधी हाती घ्यावेत: डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे, कामगंध सापळ्यांवर नजर ठेवणे.