वाचनाची पहिली गोडी

कोणत्याही भाषेच्या वाङ्मयाचा इतिहास लिहितांना ग्रंथकारांचीं नांवें, ग्रंथांचे सन आणि पंडितांचे वाद यांची नोंद होते; वाचकांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. ग्रंथ लिहिला आणि छापला, एवढ्यानें तो लोकांच्या जीवनांत शिरत नाहीं. तो कोणीतरी आवडीनें वाचावा लागतो. आणि ही आवड कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं. ती एखाद्या पुस्तकानें प्रथम लाविलेली असते, व एकदां लागली म्हणजे बहुधा जन्मभर सुटत नाहीं. महाराष्ट्रांत गेल्या दोन-तीन शतकांत ही पहिली गोडी कोणत्या पुस्तकांनीं लाविली, याचा थोडासा विचार येथें करावा असा आमचा हेतु आहे. त्यांतून जी गोष्ट निष्पन्न होते ती केवळ इतिहासाची नाहीं. मुलांच्या हातीं पुस्तक देणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

मुद्रणकला येण्यापूर्वीं सामान्य मराठी कुटुंबांत ग्रंथ म्हणजे पोथी. त्यांतहि श्रीधरस्वामींच्या पोथ्यांचें राज्य मोठें. ‘हरिविजय’ इ. स. १७०२ तील, ‘रामविजय’ १७०३ तील, ‘पांडवप्रताप’ १७१२ तील आणि ‘शिवलीलामृत’ १७१८ तील. पुढें १७६२ त महीपतीचा ‘भक्तिविजय’ झाला. चातुर्मासांत देवळांत किंवा ओटीवर पोथी लागे. एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, असा तो प्रकार होता. ज्या मुलाची वाणी स्वच्छ असे त्याला घरांतील म्हातारी माणसें पाटावर बसवून अध्याय वाचावयास लावीत. हेतु पुण्याचा असे हें खरें. परंतु श्रोत्यांना धरून ठेवीत असे ती गोष्ट. अभिमन्यु चक्रव्यूहांत शिरला असतां पोथी बांधून ठेवावी लागली, तर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ लांब वाटावी यांत नवल तें काय? श्रीधरांची ओंवी सोपी, वर्णनें ठसठशीत आणि शब्द घरांतले. वाचणाऱ्या मुलाला अर्थ विचारावा लागत नसे, आणि आपण वाचतों म्हणून दहा माणसें ऐकतात, याचा अभिमानहि त्याला वाटत असला पाहिजे. मराठी माणसाला वाचनाची पहिली गोडी अशी दुसऱ्यांच्या सोबतींत, मोठ्यानें वाचतांना लागली.

छापखाना आला तो देखील गोष्टी घेऊनच आला. तंजावरच्या सरफोजीराजांनीं इ. स. १८०६ त ‘बालबोधमुक्तावली’ छापविली, ती इसापाच्या गोष्टींची. श्रीरामपूरच्या छापखान्यांत वैजनाथशास्त्र्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ त निघाली. पण ती मुख्यतः कंपनीच्या इंग्रज नोकरांना मराठी यावें एवढ्यासाठीं. मुंबईस शिक्षणाची व्यवस्था लागूं लागल्यावर सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं १८२८ त ‘बाळमित्र’ प्रसिद्ध केला. बर्क्वीन नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरून तो इंग्रजीच्या द्वारें मराठींत आला. मराठी मूल हाही एक वाचक आहे, त्याच्यासाठीं स्वतंत्र गद्य लिहिलें पाहिजे, ही दृष्टि त्यांत दिसते, आणि त्याबद्दल छत्र्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. तथापि या काळच्या शाळोपयोगी पुस्तकांत गोष्ट ही बोधाची दासी होती. मुलानें खरें बोलावें, वडिलांची आज्ञा पाळावी, हें आधीं ठरलेलें असे. गोष्ट मागाहून त्याला जोडली जाई. मुलें मोठीं चतुर असतात. औषध कोणतें आणि मध कोणता, हें त्यांना पहिल्या चाटणालाच कळतें.

हा क्रम ज्या पुस्तकानें उलटा केला तें म्हणजे ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं तें आरंभिलें. पुढें त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि त्यानंतर हरि कृष्ण दामले यांनीं तें काम तडीस नेलें. या गोष्टींचा प्रवासच एखाद्या सुरस गोष्टीसारखा आहे. मूळ अरबी संग्रह फ्रेंचांत आणला आंत्वान गालां यानें. त्याचे खंड १७०४ पासून १७१७ पर्यंत निघाले. अल्लाउद्दिनाचा दिवा आणि अलीबाबा व चाळीस चोर या दोन गोष्टी मूळ अरबी पोथींत नव्हत्याच. हलब शहराहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नांवाच्या तरुणानें त्या १७०९ त गालांला तोंडीं सांगितल्या. म्हणजे पुण्याच्या वाड्यांत मिणमिणत्या समईपाशीं ज्या गोष्टींनीं मुलांना जागें ठेविलें, त्या सीरियांतील एका तरुणाच्या मुखांतून निघून फ्रेंच आणि मग इंग्रजी, असे वेष पालटीत येथवर आल्या होत्या.

पण नुसत्या गोष्टींनीं हें कार्य झालें नसतें. कृष्णशास्त्री हे कांहीं फुरसतीचा वेळ घालविणारे लेखक नव्हते. न्याय, अलंकार, धर्मशास्त्र यांचें जुन्या पद्धतीचें अध्ययन त्यांनीं केलें होतें. इंग्रजी मागाहून स्वतः संपादिलें होतें. सॉक्रेटिसाचें चरित्र, ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’, ‘मेघदूता’चें पद्यमय भाषांतर आणि मराठी व्याकरणावरील मार्मिक निबंध हे सर्व त्यांच्याच लेखणींतून उतरले. एवढ्या योग्यतेच्या पंडितानें जिनांच्या, परींच्या आणि चोरांच्या गोष्टींना हात लावला; आणि हात लाविला तो हलकें काम समजून नव्हे. ‘मेघदूता’साठीं जी भाषा घासून पुसून घ्यावयाची तीच सिंदबादच्या सफरींसाठीं घेतली. म्हणून त्या गद्यांत बगदादचा बाजार परका वाटत नाहीं. हरून-अल-रशीद रात्रीं वेष पालटून हिंडूं लागला म्हणजे तो आपल्याच एखाद्या जुन्या राजाचा सोयरा भासतो. वेताळपंचविशी आणि सिंहासनबत्तिशी ऐकलेल्या कानांना गोष्टींतून गोष्ट निघण्याची ही तऱ्हा ओळखीचीच होती. शहराजादी आपला जीव वांचविण्यासाठीं रोज गोष्ट अर्धी ठेवते. वाचनाची गोडी लागण्याचें सारें मर्म त्या एका युक्तींत आहे. पुढें काय झालें, हें जाणण्याची तहान लागली कीं अक्षरांचा कंटाळा आपोआप पळतो.

ही तहान वडील माणसांस मात्र भयाची वाटली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ त आली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ त आली, आणि अद्भुत कादंबऱ्यांचा हंगाम सुरू झाला. त्यांतील राजपुत्र, कारस्थानें आणि योगायोग यांवर टीका होणें प्राप्तच होतें. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ त नाटक व कादंबरी यांवर स्वतंत्र निबंध लिहून या वाङ्मयाची चिकित्सा केली, यावरून तें किती वाचलें जात होतें हें दिसून येतें. टीका करणारांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. त्या कादंबऱ्यांत संभाव्यता थोडी आणि शब्दांचा फुलोरा फार. तरीपण ज्यांनीं त्या वाचल्या त्यांतूनच पुढील चांगल्या कादंबऱ्यांचे वाचक तयार झाले. हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ चा. ‘मधली स्थिति’ लिहूं लागले तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते. १८९० त त्यांनीं ‘करमणूक’ काढलें, आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः येऊं लागलें. पुढें ‘उषःकाल’ आलें. आठवड्याच्या अंकाची वाट पाहणारीं कुटुंबें निर्माण झालीं. शहराजादीची युक्ति आतां पुण्याच्या छापखान्यांतून चालूं लागली. फरक एवढाच कीं, अलीबाबाच्या गुहेच्या ठिकाणीं वाचकाला आपलेंच माजघर दिसूं लागलें.

त्या माजघरांत यमू होती, आणि यमूच्या निमित्तानें आम्हांस एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणें भाग आहे. वाचनाच्या या साऱ्या इतिहासांत पुस्तक घरांत असूनहि अर्ध्या घराला तें वर्ज्य होतें. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हें सर्व निर्मळपणें सांगितलें आहे. १८७३ त, अकराव्या वर्षीं, त्या रानड्यांच्या घरीं आल्या; पतीनें त्यांस लागलीच लिहावयास वाचावयास शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतील वडील स्त्रियांचा रोष त्यांस वर्षानुवर्षें सोसावा लागला. पुरुषाला वाचनाची गोडी लागली तर त्याची फार तर एक रात्र जात असे. स्त्रीला ती लागली तर घराची शांति जात असे.

आणि ज्यांच्या घरांत पुस्तकच नव्हतें त्यांचें काय? जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ त ‘ज्ञानोदयां’त छापला गेला. वेद पाहण्याचाहि ज्यांना अधिकार नाहीं, त्यांचा धर्मग्रंथ तरी कोणता, असा तिचा सरळ प्रश्न आहे. ज्या काळीं शास्त्रीमंडळी मुलांना कोणतें पुस्तक द्यावें याचा खल करीत होती, त्याच काळीं, त्याच शहरांत, एक मुलगी विचारीत होती कीं आम्हांला पुस्तक आहे कोठें? तीन वर्षांच्या शिक्षणानें हा प्रश्न लेखणींतून उतरावा, याहून अक्षराच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा नको. मराठी वाचकाचा इतिहास लिहावयाचा तर तो या प्रश्नाला वगळून लिहितां येणार नाहीं.

यापुढील वाट रुंद होत गेली. विनायक कोंडदेव ओकांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ त, आणि वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ त सुरू झाला. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ त व मुंबईचें १८९८ त स्थापन झालें, आणि ज्याला पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाहीं त्याला तें थोड्या वर्गणींत घरीं नेतां येऊं लागलें. १९३३ त नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ त ती प्रसिद्ध झाली. बोध तिच्यांत पुष्कळ आहे, नाहीं असें नाहीं. परंतु तो बोध करणारा माणूस स्वतः रडतो आहे, हें मुलांना कळतें, आणि म्हणून त्यांच्या कित्येक पिढ्यांनीं त्याला ऐकून घेतलें.

तात्पर्य एवढेंच कीं, पहिलें पुस्तक हें लहान काम नव्हे. जो समाज आपल्या मुलांच्या गोष्टी दुय्यम लेखकांच्या हातीं सोंपवितो, त्यानें पुढें आपले गंभीर ग्रंथ कोणी वाचीत नाहीं अशी तक्रार करूं नये. चिपळूणकरांच्या पंडिताईला सिंदबादची लाज वाटली नाहीं. आमच्या आजच्या विद्वानांसहि ती वाटूं नये. पालकांनीं मुलाच्या हातांतील पुस्तक हिसकावून त्याजागीं दुसरें, अधिक उपयुक्त, ठेवण्याची घाई करूं नये. ज्याला तहान लागली तो पाण्याचा शोध स्वतः घेतो. मात्र आपल्या घरांतील मुलाच्या हातीं पुस्तक आहे एवढ्यावर कोणीं समाधान मानूं नये. शेजारच्या वस्तींत अद्याप कोणत्या घरीं एकहि पुस्तक पोंचलें नाहीं, हें एकदां जाऊन पाहावें. मुक्ताच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा तोच एक मार्ग आहे.